इंटर्नशिपचं दार आतून कोण उघडतं?

एप्रिल उजाडला की माझ्या फोनवर एकाच धर्तीचे मेसेज यायला लागतात. "जयभीम दादा. मी हिंगोलीचा. एलएलबी दुसऱ्या वर्षाला आहे. दिल्लीला सुप्रीम कोर्टात इंटर्नशिप मिळेल का?" मुलाला मी ओळखत नसतो. कुणीतरी कुठल्यातरी जयंती उत्सव समितीच्या ग्रुपवर माझा नंबर टाकलेला असतो. मी त्याला आधी हिशेब पाठवतो. लक्ष्मीनगरमध्ये तिघांच्या खोलीतली एक कॉट सहा हजार, डबा चार हजार, मेट्रो दीड-दोन हजार, झेरॉक्स, दोन पांढरे शर्ट, काळी पँट, शिवाय सचखंड एक्सप्रेसचं जाण्यायेण्याचं तिकीट. पंधरा हजारांच्या खाली महिना निघत नाही. मिळकतीच्या रकान्यात शून्य.

बहुतेक वेळा त्यानंतर मेसेज येत नाही.

सध्या सगळीकडे इंटर्नशिप वाढवण्याची भाषा चालू आहे. केंद्र सरकार वाढवतंय, राज्य सरकार वाढवतंय, नव्या शैक्षणिक धोरणाने तिला क्रेडिट जोडलेत, उद्योगपती व्यासपीठावरून 'तरुणांमध्ये कौशल्य नाही' म्हणून गळा काढतायत. वाढवा, माझी हरकत नाही. पण इंटर्नशिप म्हणजे नुसतं प्रशिक्षण नसतं, ती नोकरीच्या आधीची गाळणी असते. आत आरक्षण असो नसो, ही गाळणी बाहेरच लावलेली असते, आणि तिला ना जाहिरात लागते, ना गुणवत्ता यादी, ना रोस्टर. अशी गाळणी मोठी केली म्हणून गाळ कमी होत नाही. आणि गाळ कुणाला समजलं जातं हे या पोर्टलच्या वाचकाला मी सांगायची गरज नाही.

वकिलीचंच घ्या, कारण ते मला आतून माहीत आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या एलएलबीला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या कोर्सला किमान २० आठवडे इंटर्नशिप केलीच पाहिजे. विद्यार्थ्यावर सक्ती आहे. त्याला एक रुपया तरी द्या, अशी सक्ती मात्र ज्याच्याकडे तो राबतो त्या वकिलावर नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये कौन्सिलने एक परिपत्रक काढलं, ज्युनियर वकिलांना शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० द्यावेत म्हणून. तीही शिफारस, आणि तीही सनद मिळालेल्यांसाठी. इंटर्न त्यातही नाही.

कुणी म्हणेल, हिंगोलीच्या कोर्टात कर की इंटर्नशिप. करतात, मुलं तेच करतात. पण देशातल्या मोठ्या लॉ फर्म, सिनियर कौन्सिलांची चेंबर्स, न्यायमूर्तींकडची क्लार्कशिप यांच्याकडे अर्ज करताना बायोडेटाच्या पहिल्या पानावर काय पाहिलं जातं? 'आधी कुठे इंटर्न केलंस?' हिंगोली जिल्हा न्यायालय हे त्या प्रश्नाचं उत्तर मानलं जात नाही, मग तिथे त्याने वीस जामीन अर्ज स्वतःच्या हाताने लिहिलेले का असेनात. दिल्लीच्या चेंबरमध्ये चार आठवडे फाईल धरून उभं राहणं हे मात्र उत्तर असतं.

मी स्वतः असा उभा राहिलोय. मराठवाड्यातल्या एका कॉलेजातून आलो होतो, उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आधी. चेंबरचं नाव घेत नाही, त्याची गरजही नाही, कारण ही गोष्ट एका चेंबरची नाही. पहिल्या दिवशी साहेबांनी विचारलेला पहिला प्रश्न: "फॅमिलीमें कौन वकील है?" कोणी नाही म्हटलं. "पिताजी?" गावाकडे शेतमजुरी. साहेब वाईट माणूस नव्हते, त्यांनी मान हलवली, चहा मागवला आणि मला क्लार्कच्या स्वाधीन केलं. माझ्याबरोबर त्याच आठवड्यात आलेल्या मुलीला हाच प्रश्न विचारला गेला तेव्हा तिने एक नाव घेतलं, आणि पुढची पाच मिनिटं त्या नावाच्या माणसाच्या आठवणी निघाल्या. तिला कॉन्फरन्समध्ये बसायला मिळालं. मी रजिस्ट्रीच्या खिडकीवर डिफेक्ट काढत होतो. तिचा काही दोष नव्हता. मला डबा शेअर करणारी तीच होती. महिन्याच्या शेवटी दोघांना पत्र मिळालं. तिचं पानभर होतं, तिने कोणत्या प्रकरणात कोणतं संशोधन केलं याच्यासकट. माझं तीन ओळींचं: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत हजर होता, वर्तणूक चांगली.

'वर्तणूक चांगली' हे शब्द मी नंतर खूप दिवस वाचत राहिलो. आमच्या आज्याला पाटलाने दाखला दिला असता तर तोही याच शब्दांत दिला असता.

'फॅमिलीमें कौन है' हा प्रश्न मला एकट्यालाच खटकला असं नाही. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्लीतल्या कंपन्यांच्या नोकरभरती अधिकाऱ्यांशी बोलून केलेला अभ्यास २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त आला. त्यात हे अधिकारी एका सुरात सांगतात की आम्ही फक्त मेरिट बघतो, आणि पुढच्याच श्वासात सांगतात की उमेदवाराचं 'फॅमिली बॅकग्राउंड' विचारणं फार महत्त्वाचं असतं. वडील काय करतात, भावंडं काय शिकली, घर कुठे आहे. जात कुणी विचारत नाही. ती विचारावी लागू नये अशा पद्धतीने प्रश्न रचलेले असतात. त्याच अंकात सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा प्रयोग होता: वर्तमानपत्रातल्या नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त आडनावाचा. दलित आडनावाला बोलावणं येण्याची शक्यता ठळकपणे कमी निघाली. आणि ही जाहिरात दिलेल्या जागांची गोष्ट आहे. इंटर्नशिपला बहुधा जाहिरातच नसते. तिथे अर्ज म्हणजे काकांचा फोन.

या गाळणीतून शेवटी कोण पोचतं ते बघायचं असेल तर वरच्या टोकाला बघावं. २०१८ पासून उच्च न्यायालयांत नेमलेल्या ७१५ न्यायमूर्तींपैकी २२ अनुसूचित जातींचे, १६ अनुसूचित जमातींचे आणि ८९ ओबीसी आहेत, हे सरकारनेच मार्च २०२५ मध्ये संसदेत सांगितलं. पत्रकारितेचंही तेच. ऑक्सफॅम आणि न्यूजलाँड्रीने २०१९ साली मोजलं तेव्हा माध्यमांतल्या नेतृत्वाच्या १२१ जागांपैकी १०६ सवर्णांकडे होत्या, दलित-आदिवासी एकही नव्हता. आणि नीती आयोग? देशाची धोरणं जिथे शिजतात तिथली इंटर्नशिप योजना बिनपगारी आहे. संसद मार्गावरच्या त्या इमारतीत गरिबीवर टिपण लिहायला बसायचं, तर आधी स्वतः गरीब नसावं लागतं.

हा झाला वरचा मजला. आता खाली या, मानेसरला.

गुरुग्राम-मानेसर-बावल या पट्ट्यात कारखान्याच्या गेटवर शिफ्ट सुटते तेव्हा वेगवेगळ्या बिल्ल्यांची मुलं बाहेर येतात. कायम, कंत्राटी, ट्रेनी, ॲप्रेंटिस. लाईन एकच, नट-बोल्ट तेच, पगारात मात्र कितीतरी पट फरक. इथे १९६१ चा ॲप्रेंटिसेस ॲक्ट लागतो. तीस किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनाने अडीच ते पंधरा टक्क्यांपर्यंत ॲप्रेंटिस घ्यायचेच, असं नियम सांगतो. याच कायद्याच्या कलम ३-अ मध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखीव आहेत, नंतर आलेल्या ३-ब मध्ये ओबीसींसाठी. खासगी कारखान्यालाही लागू असलेलं आरक्षण या देशात आहे, आणि ते या कायद्यात आहे, हे आपल्यातल्याही फार थोड्यांना माहीत असतं. वर चेंबरमध्ये, न्यूजरूममध्ये, धोरणाच्या टेबलावर आरक्षणाचं नाव काढलं की मेरिटला ताप येतो. खाली लेथ मशीनवर ते चालतं.

पण त्याच कायद्याचं कलम १८ सांगतं की ॲप्रेंटिस हा कामगार नाही, शिकाऊ आहे, आणि कामगार कायदे त्याला लागू नाहीत. २०१४ च्या दुरुस्तीनंतर कलम २२ सांगतं की प्रशिक्षण संपल्यावर त्याला नोकरी द्यायची की नाही याचं धोरण मालकाने स्वतःच ठरवायचं. स्टायपेंड वर्षानुवर्षं ५,००० ते ९,००० रुपयांच्या पट्ट्यात अडकलेला. मे २०२५ मध्ये केंद्रीय ॲप्रेंटिसशिप परिषदेने तो ६,८०० ते १२,३०० करावा अशी शिफारस केली. म्हणजे आरक्षण कुठे दिलं? जिथून पुढे दार उघडत नाही त्या खोलीत.

मानेसरचं नाव घेतलं की २०१२ आठवतं. १८ जुलैला मारुतीच्या कारखान्यात जो हिंसाचार झाला, ज्यात अवनीश देव या अधिकाऱ्याचा जीव गेला, त्याची सुरुवात जियालाल या दलित कामगाराला सुपरवायझरने केलेल्या जातीवाचक शिवीगाळीतून झाली, असं कामगार संघटनेचं म्हणणं होतं. २०१७ मध्ये न्यायालयाने ३१ जणांना दोषी धरलं, ११७ जण निर्दोष सुटले, तोवर त्यातल्या अनेकांची उमेदीची वर्षं तुरुंगात गेली होती. जियालाल जन्मठेपेत होते, २०२१ मध्ये कर्करोगाने गेले. एका माणसाच्या मृत्यूचं समर्थन कुणी करू नये, मीही करत नाही. पण त्या खटल्यावर टीव्हीवर जी तासन्‌तास चर्चा झाली तिच्यात 'जात' हा शब्द किती वेळा आला होता ते आठवून बघा.

आणि आता या दोन मजल्यांच्या मध्ये सरकारने एक पोटमाळा बांधलाय. पंतप्रधान इंटर्नशिप योजना. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात घोषणा: पाच वर्षांत एक कोटी तरुण, देशातल्या पाचशे बड्या कंपन्या. ऑक्टोबर २०२४ ला पहिला टप्पा सुरू झाला. बारा महिने काम, महिन्याला ५,००० रुपये, त्यातले ४,५०० सरकारचे आणि ५०० कंपनीच्या सीएसआरमधून, शिवाय एकदाच ६,०००. पहिल्या फेरीत कंपन्यांनी सव्वा लाखाहून जास्त जागा दाखवल्या. ८२ हजारांवर ऑफर गेल्या. सुमारे २८ हजार तरुणांनी हो म्हटलं. प्रत्यक्ष रुजू झाले ८,७०० च्या आसपास. त्या वर्षीची २,००० कोटींची तरतूद सुधारित अंदाजात ३८० कोटींवर आली.

यावर माझ्या ओळखीतल्या दोन-तीन शहाण्यांनी मला ऐकवलं, की बघ, तुमच्या पोरांना कष्ट नको असतात. मी त्यांना एकच आकडा सांगतो. एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीत अकुशल कामगाराचं किमान वेतन महिना १८,४५६ रुपये झालं. म्हणजे ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही याच्या खाली राबवणं बेकायदेशीर, आणि पदवीधर मुलाला याच्या एक-तृतीयांशापेक्षा कमी पैशात वर्षभर राबवणं ही राष्ट्रीय योजना. बीडच्या किंवा बुलंदशहरच्या मुलाला नोएडात जागा मिळाली तर पाच हजार खोलीतच जातात. तो आला नाही, कारण त्याला हिशेब येतो.

योजनेच्या अटीही वाचण्यासारख्या आहेत. पहिल्या टप्प्यात वय होतं २१ ते २४. आमच्याकडे बारावीनंतर दोन वर्षं ऊसतोडीला किंवा पुण्याच्या बांधकामावर घालवून परत कॉलेजात आलेली पोरं असतात, ती चोविसाव्या वर्षी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असतात, त्यांनी काय करायचं? आयआयटी-आयआयएमवाल्यांना वगळलंय हे ठीक, निदान सरकारला कळतं की त्यांना ही गरज नाही. पण कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा आठ लाख! हा आकडा ओळखीचा वाटला असेल. ईडब्ल्यूएसचा हाच. या देशात सवर्ण माणूस वर्षाला आठ लाखांपर्यंत गरीब असतो.

महाराष्ट्रातही वेगळं काही नाही. २०२४ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,०००. सहा महिने, मग ओरड झाल्यावर आणखी पाच. मुलांनी तहसील कचेऱ्यांत, शाळांत, दवाखान्यांत रिक्त पदांचीच कामं केली, आणि मुदत संपल्यावर कायम करा म्हणून आझाद मैदानात बसली. रिक्त पद भरलं असतं तर बिंदुनामावली लागली असती. प्रशिक्षणार्थ्याला बिंदुनामावली नसते. माझ्या मते या सगळ्या योजनांचं मर्म इथे आहे, आणि आपल्या संघटनांनी सगळ्यात आधी हेच पकडायला हवं होतं.

आम्हाला उमेदवारी नवी नाही. जात हीच जगातली सगळ्यात जुनी, बिनपगारी, बिनमुदतीची उमेदवारी आहे. बापाबरोबर गटाराच्या तोंडाशी दोर धरून उभा राहिलेला पोरगा काय करत असतो? त्याला प्रमाणपत्र मिळत नाही एवढंच. १९५३ मध्ये मद्रास प्रांतात राजाजींनी पोरांनी अर्धा दिवस शाळेत आणि अर्धा दिवस बापाच्या धंद्यात शिकावं अशी योजना आणली. पेरियारांनी तिला 'कुलकल्वी', कुळाचं शिक्षण, म्हणत असं रान उठवलं की १९५४ मध्ये राजाजींना जावं लागलं आणि कामराजांनी ती गुंडाळली. सप्टेंबर २०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा योजना आली: चांभार, परीट, न्हावी, कुंभार, टोपल्या-झाडू विणणारे असे १८ धंदे, प्रशिक्षणाला दिवसाला ५०० रुपये. तामिळनाडूने ती आहे त्या रूपात राबवायला नकार दिला. महाराष्ट्रात, फुल्यांच्या महाराष्ट्रात, तिचे मेळावे भरले. गंमत बघा, झाडू विणायला शिकणाऱ्याला दिवसाला ५००, आणि सुप्रीम कोर्टात ब्रीफ वाचायला शिकणाऱ्याला शून्य. पहिल्याने यावं म्हणून पैसे आहेत. दुसऱ्याने येऊ नये म्हणून नाहीत.

बाबासाहेबांना हे दार नेमकं दिसलं होतं. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त, आणि त्या खात्यात अस्पृश्याला घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगाराला विटाळ होई. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी विचारलं की तुमच्या मागण्यांत ही मागणी का नाही. मालकाविरुद्ध भांडणाऱ्या युनियनलाही ती आठवली नव्हती. विणकाम हे कॉलेजात शिकायचं काम नव्हतं, मागावर उभं राहूनच यायचं. मागावर उभं राहू दिलं नाही की 'यांना येत नाही' हे आपोआप सिद्ध.

पुढे जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले, आणि ऑक्टोबरातच त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन व्हाइसरॉयला दिलं. त्यातला नोकऱ्यांतल्या आरक्षणाचा भाग आपल्याला पाठ असतो. त्याच निवेदनात तांत्रिक प्रशिक्षणाचीही मागणी आहे: सरकारी छापखाने आणि रेल्वे वर्कशॉप इथे आमच्या मुलांना ॲप्रेंटिस म्हणून जागा द्या. म्हणजे नोकरीतला हिस्सा आणि नोकरी शिकण्याच्या जागेतला हिस्सा, दोन्ही एकाच कागदावर. आपण पहिल्यासाठी लढलो, ते बरोबरच होतं. दुसऱ्याचा कागद घडी घालून ठेवला.

तो उघडायचा तर मागणी साधी आहे. ज्या इंटर्नशिपला क्रेडिट आहे, किंवा जी कायद्याने सक्तीची आहे, ती बिनपगारी असता कामा नये, आणि तिचा मोबदला त्या शहराच्या किमान वेतनाच्या खाली नको. जागेची जाहिरात झालीच पाहिजे. सरकारी पैसा किंवा सीएसआरचा पैसा जिथे लागतो तिथे आरक्षण, आणि दरवर्षी कंपनीवार, जातवार आकडा जाहीर: किती घेतले, कोणत्या खात्यात बसवले, किती कायम केले. ॲप्रेंटिस कायद्यातलं आरक्षण चेंबर, न्यूजरूम, स्टुडिओ, विचारपीठं यांच्यापर्यंत वर न्या. पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्तीत इंटर्नशिपच्या महिन्यांचा निर्वाह खर्च घाला, आणि तो इंटर्नशिप संपल्यावर दोन वर्षांनी नको.

यावर ठरलेलं उत्तर येतं: पैसे द्यायला लावलेत तर जागाच कमी होतील, नुकसान तुमच्याच मुलांचं. एका तारखेला लाखांत फी घेणारे लोक हे सांगतात तेव्हा मला त्यांच्या धैर्याचं कौतुक वाटतं. ज्या जागेवर आमचं पोरगं भाड्यापायी येऊच शकत नाही, ती कमी झाली तर त्याचं काय गेलं?

आणि थोडं आपल्याही ताटात बघू. दिल्लीत आपल्या विचारांच्या संस्था आहेत, आपले अधिकारी, वकील, प्राध्यापक आहेत. आपणही 'चळवळीचं काम आहे' म्हणून पोरांना फुकट राबवतो, रात्री दोनपर्यंत भाषांतरं करून घेतो, आणि १४ एप्रिलला त्यांच्याच हातून खुर्च्या लावून घेतो. मीही केलंय. गेल्या वर्षी एका मुलीने मला तोंडावर विचारलं, "सर, स्टायपेंड?" मी बाबासाहेबांच्या त्यागावर बोलायला लागलो. तिने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून आली नाही. तिने बरोबर केलं. यंदा मी एका इंटर्नला पैसे देतोय. दोघांना द्यायची ऐपत नाही, म्हणून एकच.

हिंगोलीच्या मुलाने या वेळी मात्र हिशेब वाचूनही परत मेसेज केला. तिकीट वेटिंग त्रेचाळीस आहे, म्हणाला, पण येतो. मी लिहिलं, ये, वैशालीला माझ्या खोलीत दोघं आहोत, तिसरा मावतो. मग त्याने विचारलं, वर्गातल्या दोन मुलींनाही यायचंय, त्यांचं काही होईल का. मुलींसाठी मुखर्जीनगरमध्ये एका ताईंना फोन करून ठेवलाय. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.